आधी फ्रेम, मग मायक्रोस्टेपिंग

घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारी मशीन) मायक्रोस्टेपिंग, म्हणजे मोटरच्या एका स्टेपचे आणखी बारीक भाग करणं, १/१६ वरून १/३२ केलं तर अचूकता दुप्पट होईल का, असं एकाने विचारलंय. कागदावर होते, लाकडावर नाही. नेमा १७ मापाची स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) सहसा एका फेरीत २०० स्टेप घेते, १/१६ ला ३२०० पल्स (मोटरला पुढे सरकवणारे विजेचे इशारे). ८ मिमी लीडचा स्क्रू (एका फेरीत ८ मिमी सरकवणारा) असेल तर मिलिमीटरला ४०० पल्स, म्हणजे एका पल्सला ०.००२५ मिमी. घरी बनवलेली फ्रेम कटरच्या जोराने याच्या कितीतरी पट वाकते. तेव्हा खर्च करायचाच तर गॅन्ट्री (कटर वाहून नेणारा आडवा पूल) आणि झेड अक्षावर (कटर वर-खाली करणारा भाग) करा. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) गॅन्ट्रीपासून जितका पुढे, तितकी थरथर जास्त.

मशीन पोर्टेबल हवी म्हणून घडीची फ्रेम करायची कल्पना मला अजिबात पटत नाही. सांधा आला की ढिलेपणा आला, वर दर वेळी काटकोन जुळवत बसा (हौस असेल तर गोष्ट वेगळी). त्यापेक्षा कामाचं क्षेत्रच लहान ठेवा, म्हणजे मशीन अख्खी उचलता येईल.

झेडला मात्र २ मिमी लीडचा स्क्रू बरा, वीज गेली तरी स्पिंडल सहसा आपल्या वजनाने खाली घसरत नाही. मग जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) $१०२ ला, म्हणजे झेडला मिलिमीटरमागे किती पल्स या सेटिंगला, १/१६ वर १६०० टाका. आणि ड्रायव्हर (मोटरला वीज देणारं सर्किट) चालू असताना मोटरची वायर काढू नका, ए४९८८सारखा ड्रायव्हर जळू शकतो.