'जुग्युलर व्हेन'ला मराठीत काय म्हणायचं?

कुडाळवाला:
मंडळी, डायलिसिसच्या पेशंटसाठी एक पानी माहितीपत्रक मराठीत करतोय. भातलावणी सुरू झाली की आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डोकं वर काढतो, काहींच्या किडन्या बसतात आणि मग घाईघाईत मानेतून जाड नळी टाकून डायलिसिस करावं लागतं. ती नळी जाते जुग्युलर व्हेनमध्ये, म्हणजे मानेतून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरेत. शासकीय थाटात 'ग्रीवा नीला' लिहिता येईल पण ते वाचणार कोण? शाळेत आम्हाला रोहिणी-नीला होतं, पोरांच्या पुस्तकात धमनी-शिरा. लावणीवरून तापाने फणफणून आलेल्या काकींच्या मुलाला कळेल असं काय लिहू?

देवगडी:
'मानेची शीर' लिवा आणि मोकळे व्हा की. येवढी चर्चा कशाक?

दापोलीची सिस्टर:
देवगडीदादा, नुसती शीर नको हो. आपल्याकडे शीर म्हणजे काहीही, मान अवघडली तरी शीर धरली, पोटरीत गोळा आला तरी शीर चढली, मणक्यात नर्व्ह (मज्जातंतू) दबली तरी शीर दबली. मी वॉर्डात 'मानेच्या शिरेत नळी घालणार' म्हटलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न, लकवा मारणार नाही ना? म्हणजे त्यांच्या डोक्यात नर्व्ह असते. 'रक्ताची शीर' म्हटलं की चेहरा जरा सैल पडतो. आणि 'नस' तर त्याहून गोंधळाची. आम्ही आपसात 'नेक लाइन'च म्हणतो.

राजापूरचा इब्राहिम:
आमच्या घरी 'शहारग' म्हणतात, मूळ उर्दू शाह-रग, म्हणजे रगांचा राजा. कुराणात अल्ला माणसाच्या शहारगेपेक्षा जवळ आहे असं आहे, त्यामुळे शब्द म्हाताऱ्या माणसांनाही माहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी लष्करप्रमुख असीम मुनीर काश्मीरला पाकिस्तानची जुग्युलर व्हेन म्हणाले ते मूळ हेच, आपल्या चॅनेलवाल्यांनी त्याची 'गळ्याची नस' केली. जबड्याखाली बोट ठेवलं की टकटक उडते ती शहारग, असं आजोबा दाखवायचे.

डॉक्टर चिपळूण:
इब्राहिमभाई, शब्द झकास, पण बोटाला उडते ती कॅरॉटिड, म्हणजे धमनी. जुग्युलरची लहर बोटाला लागत नाही, हलकं दाबलं की गायब. ती डोळ्यांनी बघायची. पेशंटला 45 अंशात टेकवायचं, मान किंचित डावीकडे, उजेड तिरपा, आणि उजव्या बाजूला दोनदोनदा हलणारी लहर कुठवर चढते ते पाहायचं. छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागतो ना, त्याच्यापासून उभ्या रेषेत 3 सेंमीच्या वर गेली की समजायचं हृदयाच्या उजव्या बाजूला दाब वाढलाय. हार्ट फेल्युअर असेल, झडप गळत असेल, हृदयाभोवती पाणी साठलं असेल. एकही पैसा न घालवता होणारी तपासणी आहे आणि हल्ली ती करायला कुणाला वेळ नसतो, असो.

आणि एक, जुग्युलर एकच नाही. दशावतारात राक्षस आरोळी ठोकतो तेव्हा टरारून फुगते ती बाहेरची, कातडीखालून मानेच्या स्नायूवरून तिरकी उतरते. नळी घालतात ती सहसा आतली. ती कवटीच्या तळाच्या भोकातून निघते, मेंदूतलं वापरलेलं रक्त घेऊन कॅरॉटिड आणि व्हेगस नर्व्हच्या सोबतीने एकाच वेष्टनात खाली येते आणि हासळीच्या हाडामागे हातातून येणाऱ्या शिरेला मिळते. क्वचित तरण्या पोरांच्या घशातलं इन्फेक्शन या आतल्या शिरेत उतरून तिथे गुठळी होते, 1936 मध्ये लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, नावही त्यांचंच पडलं.

मालवणची वैद्य:
गंमत म्हणजे सुश्रुताने 'नीला' हा शब्द मानेतल्या मर्माचंच नाव म्हणून दिलाय. कंठनाडीच्या (श्वासनलिकेच्या) दोन्ही बाजूंना दोन नीला आणि दोन मन्या, तिथे मार बसला तर वाचा जाते, आवाज बदलतो, चव कळत नाही. शिवाय मानेतलीच 'सिरामातृका' नावाची मर्मं आठ, त्या मात्र जिवावरच्या. पण यातली नेमकी कुठली म्हणजे आजची जुग्युलर, यावर भाष्यकार आणि प्राध्यापक भांडत बसतात, तेव्हा पत्रकात ते घुसवू नका.

देवगडी:
आणि ता इंग्रजी 'गो फॉर द जुग्युलर' पेपरात 'गळ्याच्या शिरेवर हल्ला' असा छापतत, त्येचा काय? आमच्याकडे सरळ नरडीचो घोट घेतलो म्हणतत.

डॉक्टर चिपळूण:
शंभर टक्के. फक्त त्या 'घोटा'वरून बिबट्या भक्ष्याचं रक्त पितो असं कुणी समजू नका, तो नरडं दाबून श्वास कोंडतो.

कुडाळवाला:
बरं, मग असं लिहितो, "मानेच्या उजव्या बाजूला हृदयाकडे जाणारी रक्ताची मोठी शीर असते, तिच्यात नळी बसवतात. ही हालचालीची किंवा संवेदनेची शीर नाही." पुढे कंसात जुग्युलर. चालेल?

दापोलीची सिस्टर:
चालेल, उजवी लिहिलंत ते बरं केलं, तिकडून हृदयाकडे वाट सरळ जाते म्हणून शक्यतो तीच घेतात. अजून एक ओळ टाका, नळी काढताना पेशंटला आडवं झोपवतात आणि श्वास रोखायला सांगतात, कारण या शिरेतला दाब कमी, बसल्या बसल्या काढली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. घरी गेल्यावर तर कुणी स्वतःहून हात लावायचाच नाही हे ठळक अक्षरात, पट्टी खाजते म्हणून ओढणारे महाभाग असतात.