मालकासारखं काम करा म्हणे! मग लाईन थांबवायची कुणी?

सँडलॅबवाला
काल रात्रीपासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट आलीय, कुठल्यातरी ट्रेनरची. ‘कामात मन लागत नाही? कंपनीला दोष देऊ नका, आरशात बघा. नोकरासारखं काम कराल तर नोकरच राहाल. उद्यापासून अर्धा तास आधी जा, मालकासारखा विचार करा, एकवीस दिवसांत उत्साह परत येईल.’ खाली आमच्याच शिफ्टच्या पोरांनी हात जोडलेत. मला झोप लागेना म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला एका फौंड्रीत आहे, वाळूच्या साच्यात लोखंड ओततात तिथं, चौदा वर्षं. काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं, धरणार, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. मी मुठीत वाळू दाबून बघितली, लॅबला टेस्ट काढली, सुपरवायझरला जाऊन म्हणालो, लाईन थांबवूया. तो म्हणाला, “तुला टेस्टिंगला ठेवलाय, थांबवायला नाही. डिस्पॅच तुझा बाप करणार काय?” हीट, म्हणजे भट्टीतला रस, ओतली. मशिनिंगला गेल्यावर भोकं उघडी पडली, अख्खा लॉट परत. आणि मीटिंगला उभं कुणाला केलं? मला. ‘तू ओनरशिप का घेतली नाहीस?’

त्या दिवसापासून मी आठ तासांचा माणूस झालो. रीडिंग, रजिस्टर, सही, घर. बायको म्हणायची, आळशी झालायसा. मी म्हणायचो, शहाणा झालोय. दोन वर्षं अशीच काढली.

मन परत कसं लागलं तेही सांगतो. आरसा घरात होताच की, त्यानं काही झालं नाही. नवीन शिफ्ट इनचार्ज आला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाला, ओल जास्त दिसली तर ह्यानं लाईन बंद करायची, मला फोन नंतर. पहिल्यांदा बंद केली तेव्हा माझेच हात कापत होते. पाऊण तास सगळं गप्प. तो खाली आला, एवढंच विचारलं, “आता किती आहे?” पगार तेवढाच होता, वाढसुद्धा अडकलेली. पण मी परत घरातून निघताना आभाळाकडं बघायला लागलो.

चार लेथचा मालक
वाचलं. आता माझं ऐक. उद्यमनगरात वर्कशॉप आहे, चार लेथ आणि एक व्हीएमसी, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, ती पण बँकेची. सात पोरं. मालकासारखा विचार करा म्हणतोय ना तो ट्रेनर, तर एक महिना करून बघ. दहा तारखेला हप्ता, मग लाईट बिल, आणि पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला लागतात असं २००६ च्या कायद्यात लिहिलंय. मागून बघ, पुढची ऑर्डर बंद. दिवाळीच्या आधी एकानं वीस हजार उचल घेतली आणि भाऊबीज झाल्यावर कागलला पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागला. फोन उचलत नाही.

इन्सर्ट, म्हणजे लेथच्या हत्याराचं कापणारं टोक, मोडलं तर पोरं सांगत नाहीत. मोडक्यावरच जॉब ओढतात. सहा-सात नग साईझच्या बाहेर गेल्यावर मला कळतं. ह्यांच्या हातात काय अधिकार देऊ, गल्ल्याची किल्ली?

तांबडा जास्त पांढरा कमी
मोडक्या इन्सर्टचे पैसे कुणाच्या पगारातनं जातात ओ?

चार लेथचा मालक
त्याचा इथं काय संबंध?

तांबडा जास्त पांढरा कमी
बास. कळलं.

हिंजवडी व्हाया गंगावेश
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारून १९५९ मध्ये मांडलं की पगार, नियम, साहेबाचा स्वभाव हे वाईट असलं की माणूस वैतागतो, पण हे सगळं सुधारलं म्हणून तो कामात जीव ओतत नाही. जीव ओततो ते जबाबदारी मिळाली, दखल घेतली गेली, काम आपलं वाटलं तर.

पण थोडं आपल्याही हातात असतं, हे मी अनुभवानं सांगतो. आमच्या टीममधले निम्मे लोक एका शुक्रवारी काढले. त्यानंतर कितीतरी दिवस मी लॅपटॉप उघडून नुसता बसायचो. मग एक जुना बग घेतला, कुणी हात न लावलेला, मॅनेजरला न सांगता. रोज सकाळी पहिला तास त्याला. तो सुटला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गोड लागलं. वाट बघत बसलो असतो तर अजून बसलेलोच असतो.

हिशेबनीस वहिनी
भावजी, तुम्हाला न सांगता काम निवडता आलं, त्यातच सगळं आलं. आमच्या संस्थेत नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा जुन्या खतावण्या मी चढवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घेतलं अंगावर. दोन महिने रात्री आठला घरी. ओढणाऱ्या बैलालाच पराणी, तसं पुढं दुरुस्ती आली की माझ्याकडं, ऑडिटची शंका आली की माझ्याकडं. बढती शेजारच्या टेबलाला. का, तर ‘त्यांच्यावर घरची जबाबदारी आहे’. मला घरच नाही जणू!

आता साडेपाचला पर्स उचलते. ट्रेनरला सांगा, माझा उत्साह मस्त आहे, तो फक्त ऑफिसात नेत नाही.

करवीरचा सभासद
मालकासारखं वागा म्हणं! आरं आमी तर मालकच हाय की, कागदावर. आबांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर हाय, तीस वर्सं झाली. सभेला जावा की कवातरी. अहवाल वाचायला घेत्यात, पुढं बसल्याली पोरं ‘मंजूर, मंजूर’ सुरू. इकडनं आमी ‘नामंजूर’. माईक बंद, राष्ट्रगीत. अकरा विषय वीस मिनिटांत. आणि ह्या मालकाचा ऊस तोडायचा झाला तर तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरायचं, टोळीला एंट्री म्हणून वरचं पैसं द्यायचं, तवर उसाला तुरं.

दसवड्याचं बिल
आला का हा! तुझ्या आबांनी ट्रॅक्टर कशावर घेतला ते पण सांग की. तू डिप्लोमा कुणाच्या पैशावर केलास? सहकार नव्हता तेव्हा आमच्या आजीचं दूध हॉटेलवाला म्हणंल त्या भावानं जायचं. आज दहा दिवसाला बिल खात्यावर पडतंय, दिवाळीला फरक मिळतोय, फॅट किती लागली ते पावतीवर दिसतंय. प्रवरानगरला १९५० च्या सुमाराला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो काय ‘नामंजूर’ ओरडून?

करवीरचा सभासद
उभा केला त्येंचं मी पाय धुऊन पाणी पिईन. मी आत्ताचं बोलायलोय. ऊस घातल्यापासनं १४ दिवसांत एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरवल्याला किमान दर, हे १९६६ च्या आदेशात हाय. दिलं तर उपकार केल्यागत फोटो छापून येतोय.

चार लेथचा मालक
तुमचे १४, माझे ४५. आपण नुसते आकडे पाठ करायचे.

दसवड्याचं बिल
टीका करायला अक्कल लागत नाही. निवडणुकीत उभा राहा, पॅनेल काढ.

करवीरचा सभासद
पॅनेल काढायला घरातनं चार पिढ्या खुर्चीला चिकटलेल्या लागत्यात. तुमचं घराणं वडापाव आणि शंभराच्या नोटंवर ‘मंजूर’ म्हणणारं.

दसवड्याचं बिल
तोंड सांभाळून. माझ्या वडलांनी दूध संस्थेचं दप्तर बावीस वर्षं बिनपगारी सांभाळलंय. पहाटे चारला उठून. काढ तुझ्या घरात एक तरी असा माणूस.

सँडलॅबवाला
अरे मी कामात मन लागण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात ऊस आणि म्हैस कुठनं घुसली?

करवीरचा सभासद
घुसली न्हाई भावा. तुझंच सांगायलोय. तुला लाईन थांबवू देत न्हवते, मला विषय थांबवू देत न्हाईत. तू पगारी, मी सभासद, फरक एवढाच की मला वर्साला सवलतीची साखर मिळती.

आणि ह्याच्या वडलांचं म्हणशीला तर, ते मान्य हाय. दप्तर चोख होतं. गाव म्हणतंय.

दसवड्याचं बिल
उपकार झाले.

तांबडा जास्त पांढरा कमी
भांडून झालं असंल तर एक विचारतो. २०१९ चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या किती वर गेलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. हायवे शिरोलीजवळ बंद. तालमीतनं पोरं बाहेर पडली, कुणी भाकरी गोळा करतंय, कुणी म्हातारी माणसं उचलतंय. एकवीस दिवसांचा कोर्स कुणी केला होता? पंच मारला होता कुणी? ही तीच पोरं, जी तुमच्याकडं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात.

हिंजवडी व्हाया गंगावेश
संकट आणि रोजची नोकरी ह्यांची तुलना होत नाही. पूर आठवड्यानं ओसरतो. मार्च एंड दर वर्षी येतो.

तांबडा जास्त पांढरा कमी
पुण्यात बसून पुराचं सांगू नका.

हिंजवडी व्हाया गंगावेश
माझं घर गंगावेशीत आहे. आई-वडील त्या आठवड्यात मामांकडं होते आणि मी पलीकडं अडकून फोनवर होतो. नीट बोला.

तांबडा जास्त पांढरा कमी
बरं. चुकलं.

चार लेथचा मालक
लिहू का नको, विचार करत होतो. त्या पुरात माझ्याकडचाच एक पोरगा चिखलीकडं बोटीवर होता. तीन दिवस. बोटीचं इंजिन बंद पडलं तर यानं तिथंच खोललं, प्लग साफ केला, चालू केलं, कुणाला विचारलं नाही. आणि माझ्याकडं साधा बेल्ट बदलायचा तर “मालक, बदलू का?” करत ऑफिसच्या दारात उभा.

सँडलॅबवाला
का विचारतो?

चार लेथचा मालक
कारण एकदा न विचारता बदलला होता, चुकीच्या साईझचा, आणि मी त्याला पार्टीसमोर झापला होता. झालं समाधान?

आणि हो, इन्सर्टचे पैसे कापतो. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा.

हिशेबनीस वहिनी
नुकसानीपोटी कापायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला लागतं, १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे हे. पगारपत्रकं मीच करते म्हणून माहीत आहे. दुसऱ्यांदा मोडलं तर का मोडलं विचारलंत कधी? फीड, म्हणजे हत्यार पुढं सरकायचा वेग, कुणी वाढवायला सांगितला होता?

चार लेथचा मालक
मीच. डिलिव्हरी होती.

तांबडा जास्त पांढरा कमी
नाद खुळा मालक! आता ट्रेनरला सांगा, आरसा सापडला म्हणून.

चार लेथचा मालक
जास्त उड्या मारू नकोस. नवीन महिन्यापासून इन्सर्टचा डबा उघडा ठेवतो. मोडलं तर मोडकं आत टाकायचं, नवीन घ्यायचं, वहीत वेळ आणि जॉब लिहायचा. कापणार नाही. एकच महिना. तोटा झाला तर बिल सँडलॅबवाल्याच्या घरी पाठवणार.

सँडलॅबवाला
पाठवा. वही पण पाठवा, मला बघायचीय.

करवीरचा सभासद
वही नंतर बघा. आमच्या सभेला या सगळी, लाईन कशी थांबवत्यात ते शिकवा तिथं. अकराची हाय. दहालाच या, साडेअकराला आलासा तर राष्ट्रगीत झालेलं असंल.

हिशेबनीस वहिनी
वडापाव आहे ना?