मेलची सुरक्षित जोडणी फसली, तर कारण स्क्रीनवर दाखवावं का?

हेमांगी_क
‘सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ हा संदेश मला अक्षम्य वाटतो. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, त्यावर दुसऱ्याच सर्व्हरचं नाव असेल, किंवा सर्व्हर अजून टीएलएसच्या (जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलच्या) जुन्या १.० आवृत्तीवरच असेल. दरवेळी उपाय वेगळा. टीएलएसचं काम ज्या तयार कोडवर सोपवलेलं असतं, त्या लायब्ररीला हा फरक कळलेला असतो. ओपनएसएसएल ही अशीच लायब्ररी मुदत संपल्याला १० आणि नाव न जुळल्याला ६२ असा स्वतंत्र कोड देते. तो वाटेतच का गिळायचा? होस्ट (सर्व्हरचं नाव), पोर्ट (त्यावरच्या जोडणीचा क्रमांक), कुठल्या टप्प्यावर अडलं आणि मूळ एरर, एवढं दाखवाच.

निरंजन
असहमत. ज्याला फक्त मेल पाठवायचाय, तो हे वाचून काय करणार? तपशील लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये ठेवा. स्क्रीनवर मजकूर वाढला की लोक न वाचता ‘तरीही पुढे जा’ दाबतात आणि पासवर्ड भलत्याच्या हाती जातो.

हेमांगी_क
मग ते बटणच काढा. कारण लपवलं की लोक सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करून बघतात. मेल गेला तर ते तसंच राहतं, वर्षानुवर्षं. हा धोका तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

सुमेध_प
पण मूळ एरर जशीच्या तशी दाखवूनही भागत नाही. पोर्ट ४६५ वर टीएलएस पहिल्या बाइटपासून सुरू होतं. ५८७ वर आधी साधं बोलणं, मग ‘स्टार्टटीएलएस’ या आदेशाने टीएलएस सुरू. ५८७ ला थेट टीएलएस लावलं की सर्व्हर ‘२२०’ने सुरू होणारी साधी ओळ पाठवतो, ओपनएसएसएल ती टीएलएस समजून वाचते आणि म्हणते ‘राँग व्हर्जन नंबर’. माणूस बिचारा टीएलएसची आवृत्ती बदलत बसतो, चूक असते पोर्टच्या सेटिंगमध्ये. ‘सर्व्हरने साध्या मजकुरात उत्तर दिलं’ हे प्रोग्रामनेच ओळखून सांगायला हवं.

निरंजन
इथे पटलं. फक्त अंदाज ठोकून देऊ नका. अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो, तेव्हा ‘सर्व्हरचं प्रमाणपत्र खोटं’ म्हणणं म्हणजे सर्व्हरवाल्यावर नाहक आळ.

हेमांगी_क
म्हणूनच जे दिसलं तेच लिहा: कुठलं नाव मागितलं, प्रमाणपत्रावर कुठलं आलं, ते कोणी जारी केलं. जारी करणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचं नाव दिसलं की लॉग न उघडताही उलगडा होतो.

सुमेध_प
सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलसाठी २०१८च्या आरएफसी ८४६० या इंटरनेट मानकात हे आहेच. मुदत संपली, नाव जुळलं नाही, स्टार्टटीएलएस मिळालं नाही, प्रत्येकाला वेगळं नाव दिलंय. मेल क्लायंटनेही निदान तेवढी वर्गवारी उचलावी.