वडील गवंडी आहेत, सिमेंटने हात फाटलेत. हातमोजे कोणते घ्यावेत?

कराडची_लेक:
आमचे अण्णा 31 वर्षं गवंडीकाम करतात. गेल्या दिवाळीपासून डाव्या हाताची बोटं पेरापेरावर चिरली आहेत. आधी दोन दिवस खाडा पडला की बरी व्हायची. आता आठवडाभर घरी बसले तरी खाज जात नाही. रात्री झोपेत मनगट खाजवतात, तो करकर आवाज मला शेजारच्या खोलीत येतो. चिरांना तिखट झोंबतं म्हणून परवा आमटी-भाकरी चमच्याने खाल्ली. अण्णांना चमच्याने भाकरी खाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

कापडी मोजे आणून दिले तर दोन तासांत भिजले, उलट जास्तच चुरचुरायला लागलं. आता मोज्याचं नाव काढू देत नाहीत. "मोज्यात माल कळत नाही, थापी हातात बसत नाही," म्हणतात. मुकादम म्हणतो, सिमेंट सगळ्यांनाच खातं. पण सगळ्यांचे हात असे नाहीत ना? काय करू, कृपया सांगा.

जुना_गवंडी:
पोरी, ते कापडी मोजे आधी फेकून दे. ओला माल कापडात मुरतो आणि दिवसभर कातडीला चिकटून राहतो. मीही दोन वर्षं तीच चूक केली. नायट्रिलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घे, मनगटाच्या वर चार बोटं येतील असे, आणि हाताच्या मापाचे. ढगळ झाले तर वीट सटकते. शर्टाची बाही मोज्याच्या वरून ओढायची, नाहीतर वरून माल आत जातो.

अण्णांचं म्हणणं खोटं नाही. थापीचा अंदाज उजव्या हाताला लागतो. पण वीट धरायची, दर्जातला, म्हणजे दोन विटांमधल्या फटीतला, माल बोटाने सारखा करायचा, हे डावा हात करतो. म्हणून तोच फाटलाय. उद्यापासून एकट्या डाव्याला मोजा घालायला सांग. उजव्याचं नंतर बघू. मला तरी असंच जमलं.

साइट_इंजिनिअर_नाशिक:
यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्याचा पीएच 12 ते 13 असतो, आपल्या कातडीचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे ते सरळ भाजतं, आणि भाजताना लगेच कळतही नाही. आमच्या साइटवर स्लॅबच्या दिवशी एक बिगारी ओल्या काँक्रीटात गुडघे टेकून काम करत होता. दुपारी काही नाही, संध्याकाळी पँट काढली तर दोन्ही गुडघ्यांची कातडी काळी पडलेली. तेव्हापासून भिजलेले कपडे मी लगेच बदलायला लावतो.

दुसरी गोष्ट ॲलर्जी. सिमेंटमध्ये पाण्यात विरघळणारं थोडं क्रोमियम (क्रोमियम-6) असतं, त्याने ती होते. युरोपीय संघात 2005 पासून ते दशलक्षात 2 भागांच्या आत ठेवावं लागतं.

अण्णा हात कुठे धुतात, ते विचारा. थापी-घमेली धुतात त्याच पिंपात धूत असतील तर सिमेंटचंच पाणी पुन्हा हाताला लागतं. प्यायच्या पाण्यासारखंच हात धुवायचं पाणी वेगळं ठेवायला लावा. ही मागणी ठेकेदाराकडे हक्काने करा.

त्वचाविभाग_सिस्टर:
ताई, सुटीतही खाज जात नाही म्हणजे ॲलर्जीची शंका घ्यायलाच हवी. त्वचाविभागात पॅच टेस्टबद्दल विचारा, कशाची ॲलर्जी आहे ते तिच्यात कळतं. पाठीवर पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, तेव्हा खाडे धरूनच या. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून खाजेची ट्यूब आणू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. तोवर काम संपल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन, कोरडे करून व्हॅसलीन लावा.

एक गोष्ट घरी बघा. बरंचसं चामडं क्रोमियम वापरून कमावतात. पायावर चपलेच्या पट्ट्याखाली खाज किंवा काळे डाग आहेत का?

कराडची_लेक:
सिस्टर, आत्ता बघून आले. दोन्ही पायांवर, बरोबर पट्ट्याच्या जागी, काळपट खरबरीत डाग आहेत. अण्णा म्हणाले, "ते होय, दोन वर्षं झाली त्याला." आम्ही कधी बघितलंच नाही.

सोमवारी सिव्हिलला जातोय. चामड्याच्या चपला बाजूला ठेवून रबरी स्लीपर दिलेत, कामावर बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे मिळालेले बूट घालतात, तेही डॉक्टरांना दाखवायला नेणार आहे. मोजे आणले. काका, तुमचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णांनी डाव्या हातात मोजा चढवला, अंगणातली वीट उचलून दोनदा फिरवून पाहिली आणि विचारलं, "हे काका कुठले गं?"