सॅं-सीर्क-लापोपी आणि लॉत नदीचा काठ : तुमचे अनुभव लिहा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, काओर शहरापासून तीसेक किलोमीटरवर लॉत नदीच्या काठी हे मध्ययुगीन गाव आहे. काठी म्हणायचं, पण नदीपासून चांगलं शंभर मीटर उंच, कड्याच्या अगदी टोकाला. कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. 2012 साली टीव्हीच्या प्रेक्षकांनी याला देशातलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात दुपारी गल्ल्यांतून चालणं मुश्कील असतं.

पहिल्या खेपेला आम्ही गाडी वरच्या तळावर लावली, दोन तास फिरलो, फोटो काढले आणि निघालो. दुसऱ्या खेपेला नदीपलीकडच्या तूर-द-फोरमध्ये मुक्काम केला. सकाळी सातला खिडकी उघडली तर समोर नुसतं धुकं. हळूहळू त्यातून आधी चर्चचा बुरूज वर आला, मग तपकिरी कौलांची उभट छपरं, सगळ्यात शेवटी कडा. माझं ठाम मत आहे की हे गाव नदीकडून बघावं, पायी चढून जावं आणि एक तरी रात्र तिथे काढावी. तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? वाटा, होड्या, गुहा, खाणंपिणं, जे अनुभवलं ते सविस्तर लिहा.

* * *

मी टूलूझला शिकते. आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून बसने जाणाऱ्यांसाठी लिहितेय. टूलूझ ते काओर रेल्वेने साधारण दीड तास, तिथून फिजाकच्या बसने तूर-द-फोर. पूल ओलांडला की चढ सुरू.

गाव बघून झाल्यावर आम्ही नदीकडे उतरलो आणि काठाने बूझिएच्या दिशेने चालत निघालो. साधारण दीड तासाची वाट. जवळपास सपाट, वर झाडी, खाली हिरवं संथ पाणी. बूझिए जवळ आलं की कडा थेट पाण्यात उतरतो आणि वाट कातळातच शिरते. एका बाजूला खडक, डोक्यावर खडक, दुसऱ्या बाजूला नदी. 1840च्या दशकात ही वाट खोदली. काओरची वाइन ‘गबार’ नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून बोर्दोकडे जायची. जाताना प्रवाह मदतीला असायचा, येताना मात्र मीठ वगैरे भरलेल्या होड्या काठावरून दोराने ओढत आणाव्या लागत. कड्यापाशी ओढणाऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ही वाट. पुढे रेल्वे आली आणि होड्या थांबल्या. मी भिंतीवर हात फिरवत चालले. छिन्नीचे तिरके घाव अजून बोटांना लागतात. मध्येच एक लांब शिल्पपट्ट आहे, दानिएल मोनिए या शिल्पकाराने 1980च्या दशकात कोरलेला : पाण्याचे भोवरे, शिंपले, पाणवनस्पती. तिथेच बसून डबा खाल्ला.

त्या दिवशी रविवार होता आणि परतीची शेवटची बस चुकली. रविवारी बसा अगदी मोजक्या असतात, वेळापत्रक घरूनच बघून निघा. गावात एक खोली मिळाली आणि त्यामुळे संध्याकाळ मिळाली. सहानंतर गर्दी उतरली. चौकात एक आजी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसल्या होत्या, त्यांच्या शेंगांचा टकटक आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

* * *

माझं मूळ गाव सावंतवाडी. आमच्या आळीत लाकडी खेळणी, फळं करणाऱ्यांची घरं होती. शाळेतून येताना लेथवर फिरणारं लाकूड आणि त्यावर चढणारा लाखेचा रंग बघत उभा राहायचो, म्हणून माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं.

सॅं-सीर्क हे एके काळी कातारींचं, म्हणजे लेथवर लाकूड घडवणाऱ्यांचं गाव होतं. आसपासच्या टेकड्यांवर ‘ब्यूई’ नावाचं झुडूप वाढतं. त्याचं लाकूड पिवळसर, हस्तिदंतासारखं गुळगुळीत आणि भलतंच घट्ट. त्यापासून हे लोक दारूच्या पिंपांच्या तोट्या करायचे. तोटी गळता कामा नये, म्हणून लाकूड असं घट्टच हवं. त्या कारागिरांना इथल्या बोलीत ‘रुबिनेतैर’, म्हणजे तोटीवाले म्हणत. खाली नदीतून पिंपं जात, वर तोट्या बनत. एकच धंदा, दोन टोकं.

बरीच जुनी दुकानं अजून दिसतात. तळमजल्यावर मोठी दगडी कमान असेल तर समजावं, इथे कारखाना होता. एका दुकानात एक गृहस्थ लेथवर भोवरा करत होते. मला फ्रेंच येत नाही, त्यांना इंग्रजी नाही. मी फोनवर सावंतवाडीच्या खेळण्यांचे फोटो दाखवले. त्यांनी मशीन बंद केलं, चष्मा पुसला आणि एकेक फोटो मोठा करून बघितला. लाख कशी चढवतात ते मी हातवारे करून सांगितलं : लाकूड फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि बसते. त्यांना ते लगेच कळलं. निघताना त्यांनी कातकामाचा एक लांब कुरळा छिलका माझ्या हातावर ठेवला. अजून माझ्या डायरीत आहे.

* * *

शाकाहारी मंडळींसाठी. हा बदकाचा मुलूख आहे. नुसतं ‘सॅलड’ मागवलं तरी त्यावर बदकाचे तुकडे किंवा डुकराच्या मांसाचे बारीक काप येतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच ‘सां व्हियांद, सां प्वासों’ (मांस नको, मासा नको) असं स्पष्ट म्हणा. आम्ही तीन दिवस बकरीच्या दुधाच्या छोट्या गोल ‘रोकामादूर’ चीजवर, अक्रोडांवर आणि पावावर आनंदात राहिलो. गरम पावावर ते चीज, वरून मध आणि अक्रोड. सासूबाईंनी परत मागवलं. दुपारचं जेवण मात्र दोनच्या आत उरका. नंतर स्वयंपाकघर बंद, विनवण्या करून काही होत नाही.

आणि मुलं असतील तर होडी नक्की घ्या. आम्ही प्रवाहाबरोबर कनू वल्हवत गेलो. उन्हाळ्यात पाणी संथ असतं, पण मध्ये बांध येतात, तिथे होडी उचलून न्यावी लागते किंवा दाखवलेल्या वाटेनेच जावं लागतं. लाइफ जॅकेट काढू देऊ नका. नदीच्या मधोमध वल्ही वर घेतली आणि मान मागे टाकली, तेव्हा सगळं गाव आपल्यावर ओणवं झाल्यासारखं दिसलं. धाकटा कुजबुजला, ‘‘आई, पडेल ना ते!’’

* * *

वय 71, नाशिक. गुडघे साथ देत नाहीत, तरी वरच्या किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत गेलो. 1580 मध्ये नवारच्या हेन्रीने (पुढे फ्रान्सचा राजा झालेला चौथा हेन्री) तो पाडायला लावला, आता भिंतीचे तुकडे उरलेत. 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले, ते आठवलं आणि बराच वेळ तिथे बसून राहिलो. काठी आणि चांगल्या तळाचे बूट हवेतच. पाऊस पडून गेला की दगडी फरसबंदी फार घसरते.

* * *

काकांना नमस्कार. छान लिहिलंत. पेश-मेर्लच्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेत कोणी गेलंय का? काब्रेरेला, सेले नदीकाठी, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर.

* * *

गेलो होतो, मी आणि आई. आधी महत्त्वाचं : दिवसाला सातशेच माणसं सोडतात, उन्हाळ्यात आगाऊ बुकिंगशिवाय जाऊ नका. स्वेटर घ्या, आत बारा-तेरा अंश असतात. फोटो काढता येत नाहीत.

लास्कोच्या प्रसिद्ध चित्रगुहेची आता प्रतिकृती बघावी लागते, मूळ गुहा 1963 पासून बंद आहे. पेश-मेर्ल मात्र खरी. 1922 साली इथल्या किशोरवयीन मुलांनी ती शोधली. ठिपक्यांचे दोन घोडे, भोवती हातांचे ठसे. साधारण 29,000 वर्षांपूर्वीचं काम. उजव्या घोड्याचं तोंड पाहा : खडकाचा नैसर्गिक आकारच घोड्याच्या डोक्यासारखा आहे, चित्रकाराने तो हेरून तिथे घोडा काढला. ठिपके काल्पनिक असावेत असं बरेच दिवस मानलं जायचं. 2011 मध्ये प्राचीन हाडांच्या डीएनएवरून कळलं की ठिपक्यांचे घोडे तेव्हा खरोखर होते.

सॅं-सीर्कमध्ये घर घेतलेला कवी आंद्रे ब्रतों 1952 साली इथे आला आणि खरंखोटं बघायला त्याने चित्रावर बोट फिरवलं. त्याच्यावर खटला झाला, दंड झाला. मला तो दंड योग्यच वाटतो.

पण आईच्या मनात घोडे राहिले नाहीत. पुढे एका ठिकाणी चिखल दगड होऊन गोठलाय आणि त्यात एका लहान वयाच्या माणसाची पावलं उमटलीत. टाच, चवडा, बोटं, सगळं स्पष्ट. गाइडने दिवा तिरका धरला तशी पावलांत सावली भरली. आई कठड्याला धरून वाकली आणि आपलं पाऊल त्या पावलाच्या समांतर धरून मापत राहिली. बाकीचे पुढे गेले. गाइड थांबली, तिने दिवा तसाच धरून ठेवला.