मुलांच्या आलेखावर अक्षांची नावं मराठीत घालावीत की इंग्रजीत?

खानापूर_मास्तर
आमच्या मराठी शाळेतली नववी-दहावीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख काढायल्यात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं आलेख काढायचं साधन मॅटप्लॉटलिब वापरून. रेघ सुरेख येते, खरं त्यावरची अक्षरं बघून जीव तुटतो. धरणाची क्षमता ५१ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे १४४ कोटी घनमीटर. आकडे घनमीटरमध्ये दिले की उभ्या अक्षावर ०.२, ०.४ करत १.४ पर्यंत खुणा येतात आणि वरच्या कोपऱ्यात बारीक '१ई९' बसतं. म्हणजे खालचा प्रत्येक आकडा शंभर कोटींनी गुणायचा. मुलांची नजर तिथवर जातच नाही. धरण भरलं तरी त्यात दीड घनमीटरही पाणी नाही, असं वाचून मोकळी होतात. त्यात अक्षांची नावं इंग्रजीत.

माझं मत असं: आकड्यांना आधीच एक कोटीनं भागा, खुणा ०, २०, ४० अशा येऊ द्या आणि बाजूला 'पाणीसाठा (कोटी घनमीटर)' असं देवनागरीत लिहा. ज्यानं आलेख काढला त्यालाच तो वाचता येत नसेल तर काढून उपयोग काय?

पीयू_गणित_बेळगाव
सर, कोटीचं शंभर टक्के पटलं. भाषेचं पटत नाही. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी झाली की हीच पोरं माझ्याकडे पीयू (अकरावी-बारावी) सायन्सला येतात. तिथं 'अ‍ॅक्सिस', 'स्लोप', 'इंटरसेप्ट' ऐकल्यावर हुशार पोरंही मान खाली घालून बसतात. विषय येत असतो, शब्द ओळखीचे नसतात. ते दोन वर्षं आधी डोळ्याखालून गेले तर त्यांचंच भलं. शिवाय प्रदर्शनात कन्नड शाळांची मुलं असतात, परीक्षकही बहुधा कन्नड. त्यांनी तुमचा आलेख कसा वाचायचा?

निपाणी_कोडर
भाषेवर भांडण्याआधी एक अडचण सोडवा. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजावू सॅन्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून नुसते चौकोन दिसतात. नोटो सॅन्स देवनागरी लावला की चौकोन जातात, खरं जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते. 'किलो' लिहिलं तर वेलांटी 'क'च्या आधी न येता 'ल'ला चिकटलेली दिसते. कारण मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्या नेहमीच्या पद्धतीत एकेक अक्षरचित्र ओळीनं ठेवत जातात, अक्षरांची जुळणी करत नाहीत.

उपाय आहेत. चित्र एसव्हीजीमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारा चित्राचा प्रकार) साठवा आणि 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' ही सेटिंग 'नन' करा. मग मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवून दाखवतो. नाहीतर ग्नूप्लॉट हा आलेख काढायचा दुसरा प्रोग्राम घ्या आणि चित्र त्याच्या पीएनजी-कैरो टर्मिनलमधून काढा. ते अक्षरं जुळवणारं पँगो वापरतं, देवनागरी बिनचूक येते.

चिकोडी_पालक
एवढा खटाटोप नववीच्या पोरानं का करावा? नावं इंग्रजीत टाकून तो वेळ धरणाचे आकडे गोळा करण्यात घालवू दे.

खानापूर_मास्तर
साहेब, सेटिंग एकदा करायची, नंतर तीच फाइल वर्षानुवर्षं चालते. आणि मॅडम, इंग्रजी शब्द शिकवूच की, वहीत शिकवू, फळ्यावर शिकवू. चलं आणि एककांची चिन्हं मी बदला म्हणत नाही, एक्स हा एक्सच राहू दे. खरं प्रदर्शनात पोरगी आलेखासमोर उभी राहून सांगते, तेव्हा जुलैत रेघ एवढी उभी का चढली हे तिला न अडखळता सांगता आलं पाहिजे. बघायला येतात तिचे आईवडील, गावातले शेतकरी. हिडकलच्या कालव्यावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांच्यासाठी हा आलेख कामाचा आहे. त्यांना 'स्टोरेज' वाचायला लावून कुणाचं भलं होणार?

निपाणी_कोडर
कन्नड परीक्षकांचाही प्रश्न सुटतो. नावं वेगळ्या फाइलीत ठेवा, मराठी एक, कन्नड एक. तोच प्रोग्राम दोनदा चालवा. कन्नड लिपीतही हीच जुळणीची अडचण येते, उपायही हाच.

पीयू_गणित_बेळगाव
शेतकऱ्यांचं म्हणणं मान्य, प्रदर्शनाला मराठी-कन्नड दोन्ही लावा. कन्नड नावं मी तपासून देते, फाइल पाठवा. खरं प्रयोगवहीत जो आलेख चिकटवाल तो इंग्रजीच हवा, त्यावर मी हटणार नाही. परीक्षेतल्या आलेखासमोर त्या पोरीला एकटीलाच बसायचं आहे.

खानापूर_मास्तर
प्रयोगवहीबद्दल अजून पटलेलं नाही, मॅडम. फाइल आज रात्री पाठवतो.