गावी गेल्यावर बंद राहणाऱ्या फ्लॅटसाठी स्वतः बसवता येईल अशी सुरक्षा यंत्रणा कोणती घ्यावी?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार. आमचा टू बीएचके फ्लॅट घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायटीत, पोडियमच्या (पार्किंगवरच्या सामाईक गच्चीच्या) लगेच वरच्या मजल्यावर आहे. त्यामुळे हॉलची सरकती खिडकी आणि स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी या दोन्ही ठिकाणी पोडियमवरून सहज चढता येते. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही सगळे गुहागरला जातो, तेव्हा घर आठ-दहा दिवस बंद असते. एरवी दिवसभर सासूबाई आणि सासरे दोघेच घरी असतात. फाटकावर वॉचमन आणि कॅमेरे आहेत, पण पोडियमच्या मागच्या बाजूवर कोणाचीच नजर नसते.

मासिक वर्गणी नको, भिंती फोडायच्या नाहीत, खर्च पंधरा हजारांच्या आत राहावा आणि सासऱ्यांना मोबाइल न उघडता यंत्रणा चालू-बंद करता यावी, एवढ्या आमच्या अपेक्षा आहेत. दुकानदार चार कॅमेऱ्यांचा संच सुचवतात. चोर आत शिरण्याआधी घरातले आणि शेजारी सावध कसे होतील, हे मला आधी समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद (नेरूळ, नवी मुंबई)

तुमचा विचार योग्य दिशेने आहे. कॅमेरा घडलेले दाखवतो, पण दार उघडताच आरडाओरडा करण्याचे काम सेन्सर आणि सायरनचे आहे. म्हणून पैसे आधी त्यावर खर्च करावेत आणि कॅमेरे एक किंवा दोनच घ्यावेत. त्याहीआधी ड्राय बाल्कनीला ग्रिल आणि आतून भक्कम कडी आहे ना, हे पाहा. नसेल तर बजेटचा पहिला भाग तिथेच जाऊ द्या.

दारा-खिडक्यांसाठी चुंबकाचे सेन्सर मिळतात. एक भाग चौकटीवर आणि चुंबक झडपेवर चिकटवायचा, दोघांत अंतर पडले की सूचना जाते. बहुतेक सेन्सर दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचे अंतर चालवून घेतात. तुमच्या सरकत्या खिडकीच्या दोन्ही झडपा सरकत असतील, तर दोन्हींना स्वतंत्र सेन्सर लावावा लागेल, कारण चोर नेमकी मोकळी बाजू सरकवू शकतो. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर चुंबक थेट त्यावर चिकटवू नका. लोखंड चुंबकाचे क्षेत्र आपल्याकडे ओढून घेते आणि दार बंद असूनही सेन्सर उघडे दाखवतो. मध्ये काही मिलिमीटर जाडीची अॅक्रिलिक किंवा लाकडाची पट्टी घातली की अडचण सुटते. लाकडी दार पावसाळ्यात फुगून नीट बसत नसेल, तर तेही आधी सुताराकडून तासून घ्या, कारण तेवढ्या फटीनेही रात्री-अपरात्री खोटा सायरन वाजतो. दोन-चार वेळा असे झाले की घरातले लोक यंत्रणा बंदच ठेवू लागतात.

हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरविषयी एक गोष्ट तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. तो माणसाच्या शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीचे तापमान यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात बंद घर तापून शरीराच्या तापमानाच्या जवळ पोचले की हा फरक पुसट होतो आणि सेन्सर मंदावतो, म्हणजे तुम्ही गावी असता नेमका तेव्हाच. त्यामुळे मुख्य भिस्त दारा-खिडक्यांच्या सेन्सरवर ठेवा आणि पीआयआर पॅसेजमध्ये दुसरी फळी म्हणून असा लावा, की चालणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. थेट त्याच्या दिशेने येणारा माणूस त्याला उशिरा कळतो.

आता संच निवडण्याची कसोटी. दुकानात इंटरनेट बंद करायला सांगा आणि सेन्सरपासून त्याचा चुंबक दूर न्या, म्हणजे दार उघडल्यासारखे होईल. सायरन वाजला नाही, तर तो संच घेऊ नका. त्याचे सगळे निर्णय कंपनीच्या सर्व्हरवर होतात, असा त्याचा अर्थ आहे. झिग्बी (कमी विजेवर चालणारे बिनतारी तंत्र) सेन्सर आणि घरातच निर्णय घेणारा हब, म्हणजे सगळे सेन्सर जिला जोडले जातात ती पेटी, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. हे सेन्सर बटण-सेलवर बराच काळ चालतात. थोडी तांत्रिक हौस असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट ही प्रणाली हब म्हणून चालवता येते. ते मुक्त स्रोत आहे आणि त्याला वर्गणी लागत नाही. परदेशातून कोणी संच आणून देत असेल तर सावध राहा. झेड-वेव्ह या झिग्बीसारख्याच दुसऱ्या बिनतारी तंत्राची वारंवारता अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ आणि भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे तिकडचे सेन्सर इथल्या हबशी बोलणार नाहीत.

राउटर आणि हब यांना त्यांच्या व्होल्टेजशी जुळणारा छोटा यूपीएस द्या. वीज गेली की राउटर आधी बंद पडतो, आणि राउटर बंद असेल तर गुहागरला तुम्हाला काहीच कळणार नाही.

प्रतिसाद (पाचपाखाडी, ठाणे)

वरच्या मताशी मी सहमत आहे, फक्त कॅमेऱ्याबाबत थोडे वेगळे सुचवतो. ड्राय बाल्कनीचा कॅमेरा बॅटरीवरचा न घेता वायरचा घ्या. बॅटरीचे कॅमेरे हालचाल झाली की जागे होतात आणि सुरुवातीचे क्षण निसटू शकतात. आरटीएसपी आणि ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जोडण्याच्या सामाईक पद्धती) चालणारा कॅमेरा घेतला, तर उद्या कंपनीचे ॲप बंद पडले तरी चित्रण दुसऱ्या रेकॉर्डरवर घेता येते. कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड निवडताना साधा हिशेब करा: २ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने अखंड चित्रण केले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसांच्या आतच भरून जुने पुसू लागते. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामासाठी २५६ जीबीचे, अखंड चित्रणासाठी बनवलेले कार्ड घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेची सरकारी चाचणी आवश्यक आहे. दुकानदाराकडे त्याविषयी विचारायला संकोच करू नका.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इंटरनेट बंद करून पाहण्याची कसोटी मी नक्की लावीन. दोन शंका उरल्या आहेत. मुख्य दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये कॅमेरा लावला तर समोरच्या काकूंचे दार त्यात दिसते. आणि सायरन वाजल्यावर पोलिसांना आपोआप कळते का?

प्रतिसाद (नेरूळ, नवी मुंबई)

पोलिसांना आपोआप कळत नाही. ११२ वर फोन कोणीतरी करावाच लागतो. म्हणून सूचना तुमच्या दोघांच्या मोबाइलशिवाय ठाण्यातच राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवरही जाईल, अशी व्यवस्था करा. वॉचमनच्या केबिनचा आणि समोरच्या काकूंचा नंबर त्यांच्याजवळ असू द्या.

काकूंच्या दाराबाबत आधी त्यांच्याशी बोला आणि सोसायटीच्या समितीला लेखी कळवा, कारण पॅसेज सामायिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या शेजारणीने सायरन ऐकून धावून यावे अशी आपली अपेक्षा आहे, तिला दुखवणे कोणत्याच दृष्टीने बरे नाही. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करता येतो. त्यांचे दार तसे झाका आणि त्यांना प्रत्यक्ष मोबाइलवर दाखवा. त्यापेक्षा डिजिटल पीपहोल (दारातल्या भोकात बसणारा छोटा कॅमेरा) लावला तर दाराबाहेर काही बसवावेच लागत नाही, पण त्यातही समोरचे दार दिसेल, त्यामुळे काकूंशी बोलणे टळत नाही.

कॅमेरा जोडताच त्याचा मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. सासऱ्यांसाठी दाराजवळ आकडे दाबायचा कीपॅड आणि पलंगाशेजारी आपत्कालीन बटण घ्या. दोन्ही त्याच हबला जोडता येतात. गणपतीला निघण्याच्या आदल्या आठवड्यात सगळे सेल तपासा आणि प्रत्येक दार-खिडकी उघडून सायरन वाजवून पाहा, काकूंना आधी सांगून.